इंजिन बंद केल्यावर: गेटवे ते खांदेरी, शिडाच्या बोटीने

शिडवाला

मागच्या शनिवारी खांदेरीला, थळसमोरच्या त्या बेटावरच्या किल्ल्यापर्यंत, जाऊन आलो. लाँचने नाही, रो-रोने नाही, शिडाच्या बोटीने. दोघातिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून धागाच काढतो.

आधी तिथी. वद्य नवमी होती आणि ती मुद्दाम निवडली होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, नवमीला पावणेसात. म्हणजे सकाळी पावणेसातला पाणी पूर्ण चढलेलं, मग एक वाजेपर्यंत ओहोटी, तिथून संध्याकाळपर्यंत पुन्हा भरती. जाताना ओहोटी दक्षिणेला ओढून नेणार, येताना भरती बंदरात ढकलत आणणार. शिवाय भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस, त्यामुळे पाण्याला ओढ बेताची. उधाणाला मुंबई बंदरात पाणी ४ मीटरच्या वर चढतं-उतरतं. तेव्हा उलट्या प्रवाहात सापडलात तर शिडं फुगलेली आणि बोट जागच्या जागी, असा तमाशा होतो.

वाऱ्याचंही वेळापत्रक असतं. थंडीत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो. नऊ-दहापर्यंत तो दम टाकतो, मग दोनेक तास सगळं ठप्प. जमीन तापली की दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो आणि तो दिवे लागेपर्यंत हटत नाही. बहुतेकांना मधल्या त्या ठप्प वेळाचा कंटाळा येतो. माझं मत असं की बघण्यासारखं जे काही असतं ते त्याच वेळात असतं, फक्त तेव्हा इंजिन चालू करायचा मोह आवरला पाहिजे.

बोट चौतीस फुटी, आमच्या चीफची. चीफ म्हणजे मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला गृहस्थ. जन्मभर इंजिनरूममध्ये काढल्यामुळे त्याला आता तो आवाज सोसत नाही. बोट बांधलेला बोया सोडला, बंदरातल्या गर्दीतून बाहेर पडलो, की त्याचा हात इंजिन बंद करायला शिवशिवतो. सोबत वहिनी (सुकाणूवर चीफपेक्षा जास्त वेळ त्याच असतात), मी आणि माझा मेव्हणा. मेव्हण्याला बोट लागते हे त्याने गेटवेवरच जाहीर केलं होतं.

सातला निघालो. मांडव्याच्या पहिल्या लाँचमागे कुरवांचा थवा लागलेला, लोक गाठ्या उडवतायत, सगळं नेहमीचं. नौदलाची जहाजं, नांगरून पडलेले टँकर, ससून डॉककडे परतणाऱ्या मच्छीमार बोटी. मोठ्या जहाजांच्या वाटेतून आम्ही बाहेर राहतो. शिडाच्या बोटीला मान असतो वगैरे नियमांच्या पुस्तकात ठीक आहे, पण अरुंद वाटेत, ज्याला खोल पाणीच लागतं अशा जहाजाला अडवायचं नाही, हेही त्याच पुस्तकात लिहिलंय. उजवीकडे प्राँग्जचा दीपस्तंभ, १८७५ चा, लाल-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा. त्याच्या खडकावर समुद्री बगळे ओळीने उभे. वारा मागून डाव्या अंगाने, बोट चार नॉटने, वर ओहोटीचा एक. चहा झाला.

साडेनवाला मतलई गेला. खांदेरी समोर दिसत होती, तीनेक मैलांवर. शिडं लटकली. मेव्हणा म्हणाला, "आता इंजिन?" चीफने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा बोलला नाही.

आणि मग आवाज आला, मागच्या बाजूने. "फुस्स." वळेपर्यंत काही नाही. पुन्हा, आता उजवीकडे. तिसऱ्यांदा पाठ दिसली: करडी, मध्ये उंचवटा आणि त्या उंचवट्यावर छोटासा पंख. हम्पबॅक डॉल्फिन. पाच असतील किंवा सात, एकाच वेळी सगळे वर येतच नाहीत. एक पिल्लू होतं, रंगाने उजळ, आईच्या कुशीला चिकटून वर यायचं. हे डॉल्फिन उड्या मारत बोटीपुढे पळणाऱ्यांतले नाहीत. आपल्या कामात असतात. पण बोट पाण्याबरोबर नुसती वाहत होती, आवाज नव्हता, म्हणून असेल, ते आमच्या आसपासच खात राहिले. एकदा एक इतक्या जवळ वर आला की श्वासाचा वास आला. शिळ्या म्हावऱ्याचा. वहिनी म्हणाल्या, "ससून डॉक!"

अर्धा तास हे चाललं. मग मांडव्याच्या बाजूने एक स्पीडबोट आली, थेट अंगावर. सगळ्यांचे फोन वर. दोन फेऱ्या मारल्या, एकाने शिटी वाजवली. डॉल्फिन खाली गेले ते बऱ्याच लांब बाहेर निघाले, किनाऱ्याकडे, आणि तसेच गेले. स्पीडबोटही गेली. तिच्यातल्या लोकांना बहुधा एक पाठ दिसली असेल.

त्या शांततेत आणखी दोन गोष्टी दिसल्या. एक समुद्रसाप, पृष्ठभागावर आडवा पडलेला, राखाडी, अंगावर गडद पट्टे, शेपूट वल्ह्यासारखं चपटं. दुसरं काय होतं ते मला सांगता येत नाही: काळसर गुळगुळीत पाठ, पंख अजिबात नाही, एकदा गोल फिरल्यासारखी दिसली आणि संपलं. कोणाला ओळखता आलं तर सांगा.

साडेबाराला वायव्येकडे पाण्यावर काळी रेघ उमटली. दहा मिनिटांत वारा. खांदेरीच्या पूर्वेला, आडोशाला, नांगर टाकून जेवलो. वहिनींनी थर्मासमधून आमटी आणली होती. किल्ल्यावरून समुद्री गरुड दोन गिरक्या घेऊन गेला. दुपारी परतताना पंधरा नॉट वारा, मोठं शीड एक घडी कमी केलं, वारा डाव्या गालावर घेऊन एकाच टॅकवर, म्हणजे शिडाची बाजू न बदलता, थेट बंदरात. खाली भरती. चारच्या आत बोया पकडला. वाटेत एका कासवाने डोकं वर काढून आमच्याकडे बघितलं, आणि एक तपकिरी, दणकट पक्षी सुरयांच्या मागे लागून त्यांना तोंडातला मासा टाकायला लावत होता. त्याचंही नाव हवंय.

---

चहाबाज

वर्णन झकास. पण एक सांगू? मांडव्याला उतरून स्पीडबोट पकडली की अर्ध्या तासात डॉल्फिन. तुमचा अख्खा दिवस गेला. आणि मित्राची चौतीस फुटी बोट सगळ्यांना नसते हो.

---

पक्षीवेडी_मुलुंड

तो दरोडेखोर पक्षी बहुधा जेगर. स्कुआच्या कुळातला, उत्तर ध्रुवाकडे वीण करतो आणि थंडी आपल्या समुद्रात काढतो. स्वतः मासा पकडण्यापेक्षा सुरय-कुरवांना पिदडून त्यांचा हिसकावणं हा त्याचा धंदा. किनाऱ्यावरून क्वचितच दिसतो, म्हणून हेवा वाटला. शेपटीतून मधली पिसं बाहेर आली होती का? आणि ती चमच्यासारखी वळलेली होती का? असली तर पोमरीन जेगर. थंडीत बऱ्याचदा ती पिसं नसतातच, म्हणजे नुसत्या वर्णनावर मी पैज लावणार नाही.

गाठ्यांबद्दल मात्र "नेहमीचं" म्हणून सोडू नका. लाँचमागचे ते तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव मध्य आशियातून, काही तर हिमालयापलीकडच्या तळ्यांवरून येतात. परतीच्या उड्डाणासाठी त्यांना चरबी साठवायची असते, ती माशातून. बेसन आणि सोड्याने नाही. लाँचवर कोणी पाकीट विकायला आलं तर निदान आपण तरी घेऊ नये.

---

नाखवा_वरळी

पंख नसलेली काळी पाठ म्हणजे फिनलेस पॉर्पॉइज. माणसापेक्षा लहान, दीड मीटरच्या आसपास. डॉल्फिनची बहीण समजा, पण तोंडाला चोच नाही आणि पाठीवर पंख नाही. लाजाळू. चालू इंजिनाच्या बोटीतून ती दिसायची नाही, आवाज ऐकला की गेलीच. आम्हाला दिसते ती बहुतेक वेळा जाळ्यात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. श्वासाला वर यावं लागतं त्यांना, गिलनेटमध्ये अडकली की गुदमरते.

साप बहुधा चोचवाला समुद्रसाप. आमच्या जाळ्यात तोच जास्त येतो. जहरी आहे, मण्यारीच्या-नागाच्या घराण्यातला. खलाशी काठीने उचलून परत टाकतात. लोक म्हणतात समुद्रसापाचं तोंड लहान, चावू शकत नाही. ते खोटं. चावतो. हात घालू नये.

@चहाबाज: स्पीडबोटीवर माझा राग नाही, तिकडच्या पोरांचं पोट आहे त्यावर. पण डॉल्फिनच्या मधोमध बोट घालायची गरज काय? लांबून, हळू, त्यांच्या बाजूने चालव. त्यांना वाटलं तर ते येतील. पुढून आडवं जायचं नाही आणि पिल्लू असेल तर तिथून निघायचं.

---

गिरगावकर

२०२० च्या टाळेबंदीत मरीन ड्राइव्हसमोर डॉल्फिन दिसले तेव्हा "निसर्ग परत आला" म्हणून काय गदारोळ झाला होता! तेव्हापासून मला प्रश्न पडलाय, ते परत आले होते की तिथेच होते?

---

नाखवा_वरळी

तिथेच होते. तुम्ही घरी बसून खिडकीतून बघायला लागलात.

---

हिरवाई

नाखव्यांशी सहमत, थोडी भर घालते. हम्पबॅक हा किनाऱ्यालगतचाच प्राणी. उथळ पाणी, खाड्यांची तोंडं, गाळ, हे त्याचं घर, आणि तिथेच मासा असतो. दक्षिण आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या किनाऱ्यावर ही जात आहे आणि ती संकटग्रस्त मानली जाते. कारण उघड आहे: त्याला हवं ते पाणी आणि आपल्याला बंदरं, भराव, सांडपाणी यांसाठी हवं ते पाणी एकच. खोल समुद्रात पळून जायची सोय त्याच्याकडे नाही. त्यामुळे "मुंबईच्या घाणेरड्या पाण्यात डॉल्फिन कसे" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर, ते जाणार कुठे?

वन्यजीव कायद्यात सगळे डॉल्फिन, पॉर्पॉइज, देवमासे पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाइतकंच संरक्षण. वाघाभोवती जीप घेऊन फेऱ्या मारल्या तर आपण बोलतो ना?

---

चहाबाज

ताडोब्यातही फेऱ्याच मारतात हो. पण मुद्दा पटला. माझा प्रश्न तरी उरतोच: ज्याच्याकडे चीफ नाही त्याने काय करायचं?

---

शिडवाला

@चहाबाज: गेटवेहून तासावर शिडाच्या बोटी भाड्याने मिळतात, चालवणारा माणूस सोबत असतो. त्यांतल्या बहुतेक बंदरातच फिरवतात, खांदेरीपर्यंत नेत नाहीत. सात-आठ जणांनी वाटून घेतलं तर स्पीडबोटीपेक्षा फार महाग पडत नाही. सकाळची वेळ मागा. ते संध्याकाळची देतात, कारण सगळ्यांना सूर्यास्त आणि गेटवेसोबत फोटो हवा असतो. दुसरा मार्ग म्हणजे सेलिंग शिकणं. शर्यतींना वजन म्हणून का होईना, माणूस कायम कमी पडतो. चीफ मला असाच भेटला.

आणि हेही नसेल जमत तर मांडव्याची साधी लाँच घ्या, वरच्या डेकवर बसा, फोन खिशात ठेवा. प्राँग्जच्या पूर्वेकडे पाणी बघत राहा. इंजिनाचा आवाज असला तरी ती रोजची, सरळ जाणारी बोट आहे. वळत नाही, पाठलाग करत नाही. डॉल्फिन तिला फारसे बिचकत नाहीत असं माझं निरीक्षण.

@पक्षीवेडी: चमचा नव्हता. म्हणजे दिसला नाही.

---

मेव्हणा_स्वतः

मी तो. या धाग्यासाठी खातं काढलं.

शिडवाल्यांनी सौजन्याने लिहिलं नाही, पण परतीच्या टॅकवर मी पूर्ण वेळ रेलिंगपाशी होतो. आमटी समुद्राला अर्पण. बोट एका बाजूला कलते आणि तशीच राहते, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. तरी पुन्हा जाणार आहे. अनुभवाचे बोल: गोळी निघायच्या तासभर आधी घ्या, लागल्यावर उपयोग नाही. खाली केबिनमध्ये जाऊ नका, वाकून पिशवीत काही शोधू नका, क्षितिज बघा. उपाशीही राहू नका. आणि रेलिंगपाशी जायचंच तर वाऱ्याच्या खालच्या बाजूच्या. याचं स्पष्टीकरण देत नाही.

कासव पहिल्यांदा मला दिसलं, कारण पाण्याकडे सर्वांत जास्त वेळ मीच बघत होतो.

---

हिरवाई

😄 ते बहुधा ऑलिव्ह रिडले. या दिवसांत माद्या कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, वेळास-आंजर्ल्याची घरटी सगळ्यांना माहीत आहेतच. पूर्वी समज होता की पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी. २०२१ मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे ती भारताच्या टोकाला वळसा घालून आली असणार. मेव्हण्यांकडे बघणारं कासव कुठून कुठे निघालं होतं कोण जाणे.

---

नाखवा_वरळी

कासवावरून सांगतो. संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि तो सोडवायला जाळं कापावं लागलं तर सरकारी भरपाई मिळते, २५,००० रुपयांपर्यंत. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाची योजना आहे. सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात. आमच्याकडच्या पोरांनी कासवं सोडलीत, देवमुशी सोडलीय. शहरातल्या लोकांना कोळी म्हणजे फक्त मारणारा वाटतो, म्हणून लिहिलं.

शिडवाल्यांनाही एक विनंती. डोलीच्या जाळ्यांचे बोये आणि खुंट असतात, थळच्या समोर तर भरपूर. यॉटचा खालचा पंखा गिलनेटवरून गेला की आमचं जाळं जातं आणि तुमचं सुकाणू अडकतं. दोन बोयांच्या मधून जायचं नाही, काळा झेंडा दिसला की वळसा घ्यायचा.

---

शिडवाला

नाखवा, मान्य. पुढच्या डेकवर एक माणूस सतत बोये बघायला उभा असतो, चीफचा नियमच आहे. नुसतं वाहत असताना तर जास्तच बघावं लागतं, कारण तेव्हा सुकाणूला पाणी लागत नाही, वळायचं म्हटलं तरी बोट वळत नाही.

---

गिरगावकर

खांदेरीवर उतरला नाहीत? दीपस्तंभ १८६७ चा, किल्ला महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतला. इंग्रजांनी गलबतं आणून वेढा घालायचा प्रयत्न केला आणि मायनाक भंडाऱ्यांच्या लहान होड्या रात्री त्यांच्यामधून रसद घेऊन जात राहिल्या. वारा पडला की इंग्रजांची मोठी गलबतं जागची हलेनात, आणि आपल्या होड्या वल्ह्यांवर. तुमचा तो साडेनऊनंतरचा ठप्प वेळ वाचून तेच आठवलं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे.

---

नाखवा_वरळी

आणि वेताळ. वेताळाचं दर्शन न घेता खांदेरीला वळसा घालून गेलात? पुढच्या वेळी नारळ घेऊन या.

---

निमा

कोणी विचारत नाहीये म्हणून मी विचारते. बोटीवर बायकांसाठी टॉयलेटची सोय असते का? आणि पोहता येत नसेल तर?

---

शिडवाला

निमाताई, योग्य प्रश्न. या आकाराच्या क्रूझिंग यॉटवर छोटं टॉयलेट असतं, दार लागतं. पंपाचा दांडा कसा मारायचा ते वहिनी शिकवतात. भाड्याच्या छोट्या उघड्या बोटीवर ते नसतं, आधी विचारून घ्या. पोहता येत नसेल तरी चालेल, लाइफ जॅकेट मात्र निघाल्यापासून परतेपर्यंत अंगावर. डिसेंबर २०२४ ची बंदरातली दुर्घटना आपण विसरलो नसू अशी आशा आहे. चीफच्या बोटीवर व्हीएचएफ रेडिओ सोळा नंबरवर कायम चालू असतो, आणि तटरक्षक दलाचा १५५४ सगळ्यांनी फोनमध्ये ठेवावा.

---

चहाबाज

बरं, हरलो. पुढची फेरी कधी? शिमग्याच्या सुट्टीत?

---

नाखवा_वरळी

शिमग्याला आमच्या बोटी घरी असतात. समुद्रात जाळी कमी, मोकळं पाणी मिळेल.

---

शिडवाला

पण शिमगा म्हणजे पौर्णिमा, पौर्णिमा म्हणजे उधाण. दुपारी बाराच्या सुमाराला भरती. सकाळी निघालो की सगळा प्रवाह तोंडावर, परतताना ओहोटी उलट. रंगपंचमी झाली की पुढची अष्टमी धरू, सहाला भरती, सव्वासहाला बोया सोडायचा. मार्चमध्ये दुपारचा वारा फेब्रुवारीपेक्षा जोरात असतो, मेव्हण्याने गोळ्या दोन न्याव्यात. जागा चारच आहेत. चहाबाज, निमाताई, मेव्हणा, एक उरली.

---

पक्षीवेडी_मुलुंड

माझी. दुर्बीण आणि कॅमेरा माझा. गाठ्या कोणी आणल्या तर मी उतरणार नाही, त्याला उतरवणार.

---

नाखवा_वरळी

नारळ.